पाण्याखालचं रूप

१

रविवारी सकाळचा चहा झाला की मी मोबाईल घेऊन बाल्कनीच्या दारात बसायचो आणि लोकांच्या चुका दुरुस्त करायचो. घरात मासे आणि पाणवनस्पती पाळणाऱ्यांचा आमचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. तिथे कुणीतरी रोपाचा फोटो टाकतं, 'हे काय आहे?' विचारतं आणि चारपाच जण चारपाच नावं ठोकून देतात. उचलली जीभ लावली टाळ्याला. मग मी नाव सांगतो आणि विषय संपतो. बेलापूरच्या विमा ऑफिसात मला कुणी हिंग लावून विचारत नाही, पण या ग्रुपवर 'अभयसर बघतील' असं लोक लिहायचे आणि ते वाचायला मला आवडायचं. खोटं कशाला बोलू.

दुकानातून आणलेल्या पाणवनस्पतीच्या पिशवीवर नाव क्वचित असतं, आणि असलं तर ते नसलेलं बरं. एकच रोप वाशीला 'लाल तलवार', पनवेलला 'ब्राझील पालक' आणि कुर्ल्याला नुसतं 'व्हीआयपी' म्हणून विकलेलं मी पाहिलंय. त्यात या झाडांना दोन रूपं असतात. पाण्याखाली वाढलेलं रोप आणि पाण्याबाहेर वाढलेलं तेच रोप शेजारी ठेवलं, तर ती लांबची नातेवाईकही वाटत नाहीत. म्हणून पानांवर विश्वास ठेवायचा नाही. शंका आली की टँकमधलं पाणी रोज थोडं थोडं कमी करत जायचं, वर काच झाकून ओल धरायची आणि रोपाला हळूहळू हवेची सवय लावायची. मग ते फुलतं. फुलावरून नाव पक्कं करता येतं. घाई मात्र करायची नाही. एकदम बाहेर काढलेलं पाण्यातलं पान हवेत बघता बघता लुळं पडतं.

हे मी अनेकांना शिकवलंय. माझा स्वतःचा कधी घोटाळा झाला नव्हता.

२

बंडूचं माशांचं दुकान आमच्या कामोठ्यातच, आमच्या सोसायटीच्या मागच्या गल्लीत आहे. त्या दिवशी ऑफिसातून येताना त्याने मला हाक मारली आणि एक पिशवी पुढे केली.

"अभयभाय, हे बघ ना जरा. कोलकात्याच्या पार्सलमधे आलं. नाव नाय, गाव नाय. तिथला माणूस बोलतो, मी पाठवलंच नाय. तू घेऊन जा, फुकट. फक्त नाव सांग, म्हणजे मी विकायला मोकळा."

पिशवीत बोटभर उंचीचं रोप होतं. लहरी कडांची पानं, खालून तांबूस. मी उभ्या उभ्या नाव सांगितलं आणि तरीही ते घरी आणलं, कारण फुकट ते पौष्टिक.

घरी माझी बायको सुनयना हॉलमधल्या दिवाणावर पडून होती. तिला सातवा लागला होता आणि डॉक्टर मॅडमनी अंथरुणातून उठायचं नाही असं बजावलं होतं. याआधी एकदा आमचं होता होता राहिलं होतं. त्यानंतर बरीच वर्षं काहीच नव्हतं, आणि आता हे. दुधाने तोंड भाजलेली माणसं ताक फुंकून पितात, तसे आम्ही दोघं दिवस फुंकून पीत होतो. तिची आई, मुक्ताबाई, कोरेगावहून येऊन राहिल्या होत्या. घरात पाळणा आणायचा नाही, नवीन कपडा शिवायचा नाही, अशी त्यांची सक्त ताकीद होती. मी एकदा सहज म्हणालो, की मुलगी झाली तर ईश्वरी ठेवू, तर त्यांनी माझ्या तोंडासमोर हात आडवा धरला.

"न्हाय अभयराव. आल्याबिगर नाव घिऊ नगा. आधी येऊ दे हातात."

मी रोप मोठ्या टँकमध्ये, रुंद काळपट पानांच्या एका झाडाशेजारी लावलं आणि त्याचा फोटो ग्रुपवर टाकला. खाली नाव लिहिलं.

पुढच्या रविवारी त्याची पानं रुंद आणि काळपट झाली होती.

३

ग्रुपवर निखिल म्हणून एक अतिशहाणा आहे. त्याने माझा पहिला फोटो आणि मी या रविवारी टाकलेला फोटो शेजारी शेजारी लावून विचारलं, "सर, ह्यातलं नक्की कुठलं?" खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. मी उत्तर दिलं की उजेड बदलला की नवी पानं वेगळी येतात. ते खरंही आहे. पण नवी पानं. एकदा फुटलेलं पान आकार बदलत नाही. आणि याच्या एका पानाला गोगलगायीने खाल्लेलं भोक होतं. पहिल्या फोटोत ते भोक लहरी पानावर होतं, दुसऱ्या फोटोत तेच भोक रुंद पानावर होतं.

मी रोप उपटून टँकच्या दुसऱ्या टोकाला, बडीशेपेच्या पाल्यासारख्या बारीक पानांच्या झाडाजवळ लावलं. त्या आठवड्यात सगळी पानं चिरत गेली. मी स्वतःशी म्हटलं, दोन रोपं एकमेकांत गुंतून आली असतील. स्वतःशी म्हटलं, अभय, तुला चष्म्याचा नंबर लागलाय. नंबर तपासूनही आलो. डोळे उत्तम होते.

मग मी ठरवलं की याचा शेजारच तोडायचा. आजूबाजूला नक्कल करायला काही नसेल तर ते स्वतःचं रूप दाखवेल. एक लहान रिकामा टँक धुतला, तळाला नुसती वाळू घातली, आत तेवढं एकच रोप लावलं, आणि खिडकीचा उजेड चांगला येतो म्हणून टँक हॉलमधल्या टीपॉयवर ठेवला. सुनयनाच्या उशाशी.

आता मागे वळून बघताना वाटतं की शेजार तोडला असं मला वाटलं खरं, पण मी त्याला शेजार दिला होता.

४

काही दिवस ते नुसतं पारदर्शक होत गेलं. पानामागे धरलेल्या वर्तमानपत्रातली अक्षरं वाचता येतील इतकं. आत तांबड्या रेषा उमटल्या, फांद्या फुटत गेलेल्या. एवढं सुंदर काही मी टँकमध्ये कधी पाहिलं नव्हतं. चहा हातात घेऊन मी त्याच्यासमोर बसायचो आणि चहा गार व्हायचा.

"माझ्याकडे पण बघ की जरा," सुनयना म्हणायची. "मी पण पाण्यात ठेवलंय की कुणालातरी."

झाडं उजेडाकडे झुकतात. हे खिडकीकडे पाठ करून दिवाणाकडे झुकत होतं. मी टँक फिरवून ठेवला. दुपारपर्यंत ते पुन्हा दिवाणाकडे. एक दिवस पंखा बिघडला म्हणून सुनयना आतल्या खोलीत जाऊन निजली, तेव्हा त्याची सगळी पानं आतल्या खोलीच्या भिंतीला टेकायला निघाल्यासारखी काचेवर दाबली गेली होती. मी पंखेवाल्याला ताबडतोब बोलावलं. कशाची घाई होती ते मात्र स्वतःला विचारलं नाही.

रूप बदलायचं थांबलं होतं, पण हे रूप कुठल्याच पुस्तकात नव्हतं. आता एकच उपाय होता, तो म्हणजे फूल. शनिवारी सकाळी मी रबरी नळी लावून टँकमधलं दोन बोटं पाणी काढलं. रविवारी आणखी दोन बोटं काढलं. वर काच झाकली. सगळं अगदी रीतीप्रमाणे.

सोमवारी मी ऑफिसात असताना सुनयनाचा फोन आला. ती घाबरली की तिचा आवाज एकदम शांत होतो.

"अभय, काल सकाळपासून फार हलत नाहीये. आज तर नाहीच. तू ये."

५

डॉक्टर मॅडमनी सोनोग्राफी केली. पडद्यावरचं मला काही कळत नव्हतं, मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो.

"बाळाचे ठोके आहेत," त्या म्हणाल्या. "पण बाळाभोवतीचं पाणी कमी झालंय. मागच्या वेळेला व्यवस्थित होतं. अचानक कसं झालं कळत नाही. पाणी भरपूर प्या, आराम करा. दोन दिवसांनी परत बघू. असंच राहिलं तर ॲडमिट करून घ्यावं लागेल."

मग त्यांनी ठोके ऐकायचं छोटं यंत्र पोटावर धरलं. खोलीभर आवाज भरला. शिलाई मशीन भरधाव चालवल्यासारखा, मोठ्या माणसाच्या ठोक्यांच्या जवळपास दुप्पट वेगाचा. सुनयनाच्या डोळ्यांतून पाणी ओघळून कानाकडे जात होतं. मलाही रडू येत होतं, पण त्याहून काहीतरी वेगळं होत होतं. तो आवाज मी आधी कुठेतरी ऐकला होता आणि कुठे ते मला आठवत नव्हतं.

घरी आल्यावर मुक्ताबाई तिला आत घेऊन गेल्या. हॉलमध्ये मी एकटा होतो. पंखा बंद होता. आणि मला तो आवाज ऐकू आला.

टँकमधलं रोप बुडबुडे सोडत होतं. उजेडात पाणवनस्पती बुडबुडे सोडतातच, त्यात नवल नाही. बारीक माळ वर येते आणि पृष्ठभागाशी फुटते. पण ही माळ लयीत येत होती. टिक टिक टिक टिक, भरधाव. मी खिडकीचे, बाल्कनीचे पडदे ओढले, टँकवर जाड टॉवेल टाकला. अंधारात बुडबुडे थांबायला हवेत. मी गुडघ्यावर बसून काचेला कान लावला. आत ते चालूच होतं, मघाच्याच वेगाने. मी स्वतःच्या मनगटावर बोट ठेवलं. माझा ठोका धावत होता, तरी तो त्याच्या मागे पडत होता.

योगायोग, मी म्हटलं. पाणी तर कुणाचंही कमी होतं. डॉक्टर मॅडम रोज दहा जणींना हेच सांगत असतील. एका काचेच्या डब्यातलं चार बोटं पाणी आणि माझी बायको यांचा संबंध लावणं म्हणजे वेडेपणा आहे, असं मी स्वयंपाकघरात जाता जाता म्हणत होतो. बादली भरून आणेपर्यंत म्हणत होतो. आणि एक थेंब बाहेर सांडू न देता मी तो टँक काठोकाठ भरला.

आतून सुनयनाचा आवाज आला. "आई, हललं. आत्ता हललं बघ."

दोन दिवसांनी मॅडम म्हणाल्या, "छान. पाणी अगदी हवं तेवढं आहे. किती प्यायलात?"

६

त्यानंतर मी ग्रुपवर उत्तरं देणं सोडलं. निखिलने लिहिलं, "सरांना अजून नाव सापडलेलं नाही वाटतं." मी वाचलं आणि फोन पालथा ठेवला. ज्या गोष्टीने महिन्यापूर्वी माझी झोप उडाली असती ती आता मला बोचलीसुद्धा नाही.

मला आता एकच काम होतं. रोज ऑफिसला जायच्या आधी आणि आल्यावर टँकमधली पातळी बघायची, उन्हाने आटलेलं तेवढं पाणी, त्याच उबेचं करून, वाटीने घालायचं. आमच्याकडे नळाला पाणी नाही आलं त्या दिवशी मी अंघोळ केली नाही, पण टँकसाठी कळशी राखून ठेवली. भीती वाटत होती आणि नुसती भीतीच नव्हती. देवळात गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी माणूस कसा आपोआप वाकतो, तसा मी त्या टीपॉयपाशी वाकत होतो. एक प्रश्न मात्र मला कुरतडत होता. हे रोप बाळाची नक्कल करतंय, की बाळ रोपाची? पहिलं खरं असेल तर ते नुसतं नवल होतं. दुसरं खरं असेल तर आमचं मूल हॉलमध्ये टीपॉयवर होतं, आणि कुणाचाही धक्का लागू शकला असता.

एका संध्याकाळी बंडू आला. रोपाकडे बघून त्याचे डोळे मोठे झाले.

"आयला, काय बनवलंस हे. एक पान दे ना, तुकडा लावतो दुकानात." आणि त्याने बाही सरकवून हात आत घातला.

मी त्याचं मनगट पकडलं. जोरात पकडलं असणार, कारण त्याने हळूच हात मागे घेतला.

"टेन्शन नको घेऊ," तो जाताना म्हणाला. "राहू दे तुलाच. पण तू जरा झोप काढ, काय?"

दार लावून वळलो तर सुनयना माझ्याकडे बघत होती.

"बरं केलंस," ती म्हणाली.

"म्हणजे?"

तिने पोटावर हात ठेवला. "तू सकाळी वाटीने पाणी घालतोस ना, तेव्हा ते हलतं. दर वेळी. मी डोळे मिटून असते तरी मला कळतं तू पाणी घातलंस ते."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू घाबरशील म्हणून." ती हसली, पण तिची नजर टँकवरून हलली नाही. "मी घाबरत नाही, अभय. आपण दोघांनी मिळून सांभाळल्यासारखं वाटतं."

मी तिच्या पायाशी बसून राहिलो. पंख्याच्या आवाजाखाली ते भरधाव टिक टिक चाललं होतं. त्याच आठवड्यात पानांच्या मधोमध एक मिटलेली कळी दिसायला लागली. शेंगेसारखी लांबट, आणि आत काहीतरी भरत चाललेलं.

७

कळा दुपारी सुरू झाल्या, मॅडमनी दिलेल्या तारखेच्या आधी. हॉस्पिटल नेरुळला आहे. रिक्षाने गेलो, सुनयनाला आत नेलं, आणि मग मुक्ताबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. आल्याशिवाय काही करायचं नाही या त्यांच्या नेमापायी बाळाला गुंडाळायला एक चिंधीही बरोबर घेतली नव्हती.

"माज्या पिशवीत जुन्या लुगड्याचं तुकडं हायती, धुवून ठिवल्यात. पळत जावा नि घिऊन या. नवं कापड लावायचं न्हाय अंगाला."

मी घरी आलो तेव्हा हॉलमध्ये उतरतं ऊन होतं. पिशवीतून तुकडे काढले. मऊ, विटक्या हिरव्या रंगाचे. दाराकडे वळलो आणि थांबलो, कारण हॉल शांत होता. इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा.

बुडबुडे येत नव्हते. सगळी पानं वर ओढली गेली होती आणि कळी पाण्याच्या पृष्ठभागाला आतून टेकली होती. पाणी तिच्यावर किंचित फुगलं होतं, पण फुटत नव्हतं. मुळांपाशी पानं पिवळी पडायला लागली होती.

फोन वाजला. मुक्ताबाई होत्या.

"पोरगी झाली," त्या म्हणाल्या, आणि पुढे बोलल्या नाहीत.

"आई?"

"रडंना ओ, अभयराव. भाईर आलीया पर रडंना. डाक्टर करत्यात काय ते. तुमी या."

मी फोन टीपॉयवर ठेवला. बंद केला नाही. पलीकडे पावलं वाजत होती, कुणीतरी भराभर सूचना देत होतं, आणि त्या सगळ्यात जो आवाज हवा होता तो नव्हता.

ती बाहेर आली होती. हे अजून पाण्यात होतं.

मला जे काही येत होतं ते सगळं एकच सांगत होतं, की एकदम बाहेर काढू नकोस. हळूहळू, रोज दोन बोटं. एकदम काढलेलं जगत नाही. हे मीच शेकडो लोकांना सांगितलं होतं. आणि समजा हे पाण्यात राहण्यावरच तिचा जीव टिकला असेल तर? बाहेर काढल्यावर हे लुळं पडलं तर? मला विचारायला कुणी नव्हतं. मुळांकडचा पिवळेपणा माझ्या डोळ्यांदेखत वर चढत होता.

मी लुगड्याचा तुकडा डाव्या तळहातावर पसरला, उजवा हात वाळूत मुळांच्या खालपर्यंत घातला आणि उचललं.

ते जड होतं. बोटभर उंचीचं रोप जेवढं जड असावं त्याच्या कितीतरी पट. पाणी निथळलं, पानं माझ्या मनगटावर पडली, आणि मी त्याच्याभोवती कापड गुंडाळलं. ऊब जाऊ नये म्हणून छातीशी धरलं. कळी माझ्या अंगठ्याजवळ होती. तिची शिवण वरून खाली उकलत गेली. इतके दिवस जे बघायचं म्हणून मी जीव टाकला होता ते चार बोटांवर होतं. मी वाकून बघितलं. आत फूल नव्हतं. काहीतरी लहान, ओलं आणि तांबूस होतं, आणि उजेड लागताच त्याने माझ्याकडून तोंड फिरवलं. मग त्याने हवा आत ओढली. तो आवाज मी ऐकला.

आणि रडणं ऐकू आलं. बारीक, चिडलेलं, न थांबणारं. टीपॉयवर फोन चालू होता, त्यातूनच आलं असणार.

"रडली," मुक्ताबाई सांगत होत्या, स्वतःही रडत होत्या. "अभयराव, ऐकताय न्हवं? रडली ओ पोरगी. सुनी बी बरी हाय. कापडं घिऊन या लवकर."

मला येतो म्हणायचं होतं. माझे गाल ओले झाले होते. पण लुगड्याच्या तुकड्यात ते अजून उबदार होतं, अजून श्वास घेत होतं, आणि ते खाली कुठे आणि कसं ठेवायचं हे मला कळत नव्हतं.